पांढरकवड्याचं तिकीट: अडखळणाऱ्यानं आपली थेरपी आपणच कशी बेतावी

माझं बोलणं 'प'वर अटकतं. 'ब' आणि 'म'वरही अधूनमधून, पण 'प'शी जुनं वैर. आता नशीब बघा, कामाला आहे यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या एका कृषी केंद्रात आणि घर करंजीपासून आत, आडगावात. म्हणजे रोज सकाळी सातला कंडक्टर समोर उभा राहतो आणि मला नेमका तोच शब्द म्हणायचा असतो.

अकरा वर्षं मी तो म्हटला नाही. मुक्कामी गाडीत 'लास्ट', म्हणजे शेवटचा थांबा, म्हणायचो. ती चुकली की फाट्यावरून आदिलाबादकडे जाणारी गाडी धरायची, पुढच्या केळापूरचं तिकीट काढायचं आणि पांढरकवड्यालाच उतरायचं. दर खेपेला वरचे पैसे जायचे, पण 'क' माझा दोस्त आहे.

मधे एका मोठ्या शहरात जाऊन तीन आठवडे खाजगी थेरपी केली. स्वर लांबवून, संथ लयीत बोलायला शिकलो. शेवटच्या दिवशी पाच मिनिटं न अडखळता भाषण केलं, टाळ्या पडल्या. परतीच्या एसटीत कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" आणि ओठ जे मिटले ते मिटलेच. व्यायाम चुकीचे नव्हते. ते त्या खोलीच्या मापानं शिवलेले होते आणि माझा दिवस त्या खोलीत जात नव्हता, हे कळायला दोन वर्षं गेली.

कळलं तेही भलत्याच ठिकाणी, शेती अवजारांवरच्या एका प्रशिक्षणात. शिकवणारा म्हणाला, "नवा डवरा (पिकातलं तण काढायचं अवजार) बनवायचा तर आधी वेल्डिंगच्या दुकानात जाऊ नका. डवरणाऱ्याच्या मागं आठ दिवस वावरात ओळीओळीनं फिरा. त्याचा खांदा कुठं दुखतो ते बघा. मग लाकडाचा कच्चा नमुना करा, मोडू द्या, पुन्हा करा." याला डिझाइन थिंकिंग म्हणतात, असं तो म्हणाला. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूलनं याच्या पाच पायऱ्या जगभर पोचवल्या: समजून घेणं, प्रश्न नेमका मांडणं, युक्त्यांचा ढीग घालणं, कच्चा नमुना, करून पाहणं. माझ्या डोक्यात मात्र डवरा नव्हता, सकाळची गाडी होती.

पुढं जे केलं ते पायरीपायरीनं लिहितो. ज्यांचा थेरपिस्ट साठ-सत्तर किलोमीटरवर आहे आणि ज्यांना दर आठवड्याला मजुरी बुडवून जाणं जमत नाही, अशा मोठ्या माणसांसाठी आणि कॉलेजच्या पोरापोरींसाठी हे आहे. लहान लेकरांची गोष्ट वेगळी, ती पहिल्या पायरीत आहे.

सुरू करण्याआधी एवढं माहीत असू द्या

अडखळणं हा भित्रेपणा नाही आणि मंद बुद्धीचं लक्षणही नाही. बोलण्याचं नियोजन करणाऱ्या मेंदूच्या जडणघडणीतला हा फरक आहे आणि तो बऱ्याचदा घराण्यात चालत येतो. साधारण शंभरात एक माणूस अडखळतो. लहानपणी शंभरातली पाचेक लेकरं काही काळ अडखळतात, त्यातली बहुतेक आपोआप सुटतात. मोठेपणी बायांपेक्षा पुरुष जास्त, जवळजवळ चौपट. माझा आजा अडखळायचा. घरात मात्र 'तू लहानपणी विहिरीत डोकावून भ्यायला होता, म्हणून झालं' अशी कथा सांगतात. भीतीनं अडखळणं वाढतं, जन्मत नाही.

ते कायमचं घालवणारी गोळी आजवर निघालेली नाही. मोठ्या माणसाचं अडखळणं पार पुसून टाकण्याची हमी कुणी देत असेल तर तिथून उठा. आपल्याला जमण्यासारखं काय आहे, तर कमी ओढाताणीनं अडखळणं आणि म्हणायचं ते म्हणून टाकणं. हे फार मोठं आहे, लहान समजू नका.

एक अपवाद. धडधाकट बोलणारा मोठा माणूस अचानक अडखळू लागला, विशेषतः डोक्याला मार लागल्यावर, किंवा तोंड वाकडं झालं, हातपाय लुळे पडले, तर वही-बिही काही नको. सरळ दवाखाना गाठा.

जवळ काय पाहिजे

शंभर पानांची एक वही आणि बांधून ठेवलेला पेन (नाहीतर घरची पोरं नेतात). आवाज रेकॉर्ड होणारा फोन. मन मोकळं करता येईल असा एक माणूस, तो अडखळणारा नसला तरी चालतो. दवाखान्यासाठी आधार कार्ड, असतील ते जुने कागद आणि घरात सहज बोलतानाचा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ. व्हिडिओ विसरू नका. डॉक्टरसमोर आपण नेमके सुरळीत बोलतो आणि ते म्हणतात, "काही तर नाही याला!"

१. आधी एक फेरी थेरपिस्टकडे

स्वतःची थेरपी बेतायची म्हणजे थेरपिस्टला फाटा द्यायचा, असा अर्थ काढू नका. सुतार आपल्या मनासारखा पलंग बनवतो, पण रंधा धरायला कुणाकडं तरी शिकलेला असतो.

लेकरू १८ वर्षांच्या आतलं असेल तर वाट सोपी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी पथकं २०१३ पासून अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा येतात. त्यांना सांगा, चिठ्ठी घ्या. ती चिठ्ठी जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या लवकर निदान केंद्रात चालते, त्याला 'डीईआयसी' म्हणतात. अडखळणं सहा महिने ते वर्षभर टिकलं, घरात आणखी कुणी अडखळतं, लेकरू बोलताना डोळे मिटतं, मान झटकतं किंवा बोलणंच टाळतं, यातलं काही दिसलं तर 'मोठा झाल्यावर सुटेल' म्हणत बसू नका. लेकरावर पुढचे प्रयोगही करू नका. तुमचं काम एवढंच: 'हळू बोल, श्वास घे' हे बंद करा, आपणच सावकाश बोला आणि त्याचं वाक्य त्यालाच पुरं करू द्या.

मोठ्यांनी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात केसपेपर काढावा. यवतमाळला वसंतराव नाईक महाविद्यालय, नागपूरला मेडिकल आणि मेयो आहेत, सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. नागपूरला केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं क्षेत्रीय केंद्र, म्हणजे सीआरसीही आहे. स्पीच थेरपिस्ट कोणत्या वारी भेटतात ते आधी विचारून जा. ही चौकशी फोनवरच करावी लागते आणि अडखळणाऱ्याला सगळ्यात अवघड तोच फोन! मी बहिणीला लावायला सांगितला. लाज वाटली नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका.

खाजगीत गेलात तर भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक विचारा. शिक्षण सहसा बीएएसएलपी (श्रवण आणि वाचा-उपचाराची पदवी) किंवा त्यापुढचं असतं. पहिल्या भेटीत एवढंच मागा: "माझं अडखळणं कोणत्या प्रकारचं आहे ते सांगा, दोन-तीन तंत्रं हातात धरून शिकवा आणि महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर बघाल का ते सांगा."

तिथपर्यंत पोचायच्या आधी गावोगावी खड्डे आहेत. जिभेखालची शीर कापून घेणं हा त्यातला जुना. अडखळण्याचा आणि त्या शिरेचा संबंध नाही. तोंडात गोटे धरून बोलायला लावणं, वेखंड चाटवणं, हे माझ्यावरही झालंय. अडखळणं राहिलं तिथंच आणि गोटा गिळता गिळता वाचलो. आणखी एक, दिव्यांग प्रमाणपत्र काढून देतो म्हणणारा दलाल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात 'वाचा व भाषा' आहे. पण तिथली व्याख्या कायमच्या दोषाची आहे आणि उदाहरणं स्वरयंत्र काढून टाकल्याची किंवा मेंदूच्या आजारानं वाचा गेल्याची दिली आहेत. अडखळण्याचं नाव त्यात नाही. निर्णय वैद्यकीय मंडळाचा असतो, दलालाच्या हातात काही नसतं. पैसे देऊ नका.

२. आठ दिवस नुसतं बघा

ही पायरी सगळ्यांना कंटाळवाणी वाटते आणि सगळे हीच गाळतात. मीही पहिल्यांदा गाळली होती.

आठ दिवस काहीही सुधारायचं नाही. तंत्र नाही, श्वास नाही. जिथं अडखळलात किंवा अडखळायच्या भीतीनं काही टाळलंत, तिथं दिवस संपायच्या आत वहीत एक ओळ लिहायची: कुठं, कुणासमोर, कोणता शब्द, मी काय केलं, आधी भीती दहापैकी किती. माझ्या वहीतल्या एका सोमवारच्या ओळी देतो.

सकाळी ७, मुक्कामी गाडी. पांढरकवडा. 'लास्ट' म्हटलं. भीती ८.

११ वाजता, दुकान. गिऱ्हाईकाला सोयाबीनसाठी पेंडीमिथॅलिन (तणनाशक) द्यायचं होतं. नाव टाळून 'ते पिवळं औषध' म्हटलं. त्यानं पिवळ्या झाकणाची भलतीच बाटली उचलली. मालक बोलला. भीती ६.

२ वाजता, पानठेला. दोस्तांत. तीनदा अडखळलो, कुणाचं लक्ष नाही. भीती १.

संध्याकाळी, गोठा. बैलांशी भरपूर बोललो. एकदाही नाही. भीती ०.

रात्री, सामुदायिक प्रार्थना. सगळ्यांबरोबर. एकदाही नाही. भीती ०.

शेवटच्या दोन ओळींवर थोडं थांबा. बहुतेक अडखळणारे एकटे असताना, जनावरांशी, गाताना आणि सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून बोलताना जवळजवळ अडखळत नाहीत. जगभर असंच आढळलं आहे. आपल्याकडं तुकडोजी महाराजांच्या प्रार्थनेमुळं आणि खंजेरी भजनामुळं गावागावात ते रोज दिसतं. पण लोक त्याचा अर्थ उलटा काढतात: "भजनात तर पोपटासारखा बोलतो, मंग नाटकं करते काय?" नाटक नाही हो. तिथं लय बाहेरून मिळते, शब्द ठरलेले असतात आणि कुणी एकट्याकडं बघत नसतं.

वही आठ दिवसांची झाली की एक हिशेब निघतो. माझा निघाला तो असा: प्रत्यक्ष अडखळलो ४१ वेळा आणि टाळलं ६७ वेळा. जोसेफ शीहान नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. ते स्वतः अडखळायचे. ते अडखळण्याला हिमनगाची उपमा देत: ऐकू येतं ते वरचं टोक, लाज आणि टाळाटाळ पाण्याखाली. हिमनग मी बघितलेला नाही, पण शेतातला दगड बघितलाय. वर वीतभर दिसतो आणि काढायला गेलं की जेसीबी लागतो.

याच आठवड्यात दुसरं काम म्हणजे समोरच्यांना विचारणं. 'मी अटकतो तेव्हा तुम्हाला काय वाटतं?' एवढा एकच प्रश्न, तीन-चार जणांना. फार जड जातं. मी आधी आईला विचारलं.

"तू अटकला की मीच तुहा शब्द पुरा करतो," आई म्हणाली. "मले पाहवत नाई रे बाबा."

"पण मग मी बोलणंच सोडतो, आई."

ती भाकर थापता थापता थांबली. "असं सांगाचं ना मंग. इतके वर्स मले वाटे तुले बरं वाटते."

तीस वर्षं एका घरात राहून ही गोष्ट आम्हाला माहीत नव्हती.

३. प्रश्न एका ओळीत आणा

'मला अडखळणं बंद करायचंय' हा प्रश्न नाही, नवस आहे. प्रश्नात जागा, माणूस आणि शब्द पाहिजे. मी बरंच खोडून शेवटी लिहिलं: 'सकाळच्या गाडीत, मागं रांग असताना, कंडक्टरला पांढरकवडा हा शब्द, अडखळत का होईना, पण तोच शब्द, मी कसा सांगू शकेन?'

अडखळत का होईना, हे तीन शब्द त्यात पाहिजेतच. ते नसले की प्रयोग पहिल्याच दिवशी नापास होतो. आणि वहीतला सगळ्यात मोठा आकडा पहिला धरू नका. माझी ९ ची भीती मुलगी बघायला गेल्यावर नाव सांगण्याची होती. ती बाजूला ठेवली. रोज घडणारी, मधल्या भीतीची गोष्ट धरा. करून पाहायला रोज संधी मिळते.

४. युक्त्यांचा ढीग

कागद घ्या, दोस्त घ्या, वीस युक्त्या लिहा. मूर्खपणाच्याही चालतात. आमच्या यादीत 'पास काढणे', 'गाव बदलणे', 'पांढरकवड्याचं नाव बदलून घेणे' हेही होतं. हसलो खूप, आणि ते हसणं कामाचं ठरलं. त्याआधी माझ्या अडखळण्यावर माझ्यासमोर मोकळेपणानं कुणी हसलंच नव्हतं.

या ढिगात थेरपिस्टनं शिकवलेली तंत्रं टाकायची. माझ्या उपयोगी पडलेली सांगतो.

हलकी सुरुवात: 'प' म्हणताना आपण ओठ आवळून मागं हवा कोंडतो. त्याऐवजी ओठ नुसते टेकवायचे आणि हवा आधीच सोडू लागायचं.

ओढून बाहेर येणं: थेरपिस्ट याला पुलआउट म्हणतात. हे आणि याच्या जोडीची तंत्रं चार्ल्स व्हॅन रायपर यांनी बसवली, तेही अमेरिकेतले आणि स्वतः अडखळणारे. शब्दात अडकलात की मागं फिरायचं नाही आणि जोरही लावायचा नाही. अडकलेल्या जागीच थांबून ओठ सैल करायचे आणि लांबवत बाहेर यायचं. चिखलात बंडी फसली की शहाणा गडी बैलांना मारत नाही. जू जरा सैल करतो, चाक हलू देतो, मग ओढतो. तसंच हे.

पुन्हा म्हणणं: अडखळून शब्द पुरा झाला की क्षणभर थांबून तोच शब्द सैलपणे परत म्हणायचा.

मुद्दाम अडखळणं: हे ऐकून मला पहिल्यांदा राग आला होता. जे लपवण्यात आयुष्य गेलं तेच मुद्दाम करायचं? पण आपण आपल्या हातानं, सैलपणे 'पा-पा-पांढरकवडा' म्हटलं की पकडलं जाण्याची भीती उरत नाही.

आणि आधीच सांगून टाकणं: 'मी अडखळतो, थोडं थांबा.'

५. कच्चा नमुना, मुक्कामी गाडीत

नमुना स्वस्त आणि मोडला तरी चालेल असा पाहिजे. आरशासमोरची तालीम मात्र नमुना नाही. आरशासमोर कोण अडखळतं?

आमच्या गावात रात्री आठला गाडी मुक्कामाला येते आणि शाळेजवळ उभी राहते. ड्रायव्हर-कंडक्टर ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपतात. एका रात्री दोस्ताला घेऊन गेलो. ते दोघं डबा खात होते. बोलायचं काय ते दोस्तानं सुरू केलं, पण मी त्याला थांबवलं आणि स्वतः सांगितलं. अडखळत, बराच वेळ लावून.

कंडक्टर भाऊ घास हातात धरून ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही 'लास्ट' म्हणता ते याच्यासाठी? मले वाटे तुम्हाले गुर्मी आहे!"

अकरा वर्षं मी समजत होतो की समोरचा मला बिचारा समजतो. तो मला माजलेला समजत होता. दुसऱ्या पायरीत कंडक्टरला विचारायचं राहिलं होतं, ती चूक इथं भरून निघाली. तुम्ही ठेवू नका.

हात धुऊन ते रिकाम्या गाडीत चढले, मशीन गळ्यात अडकवलं आणि बॅटरीच्या उजेडात मला एकेका सीटवर बसवून "बोला, कुठं?" विचारत फिरले. चार नमुने पाहिले, प्रत्येकी पाच वेळा. दोस्त मोबाइलवर रेकॉर्ड करत होता.

चिठ्ठी दाखवणं: पाचही वेळा काम झालं. पण कंडक्टर भाऊ तिसऱ्या वेळी आपोआप मोठ्यानं आणि हातवारे करून बोलायला लागले, जसं काही मला ऐकू येत नाही. बाद.

हलकी सुरुवात: दोनदा छान, तीनदा विसरलो. घाईत आठवत नाही.

आधी सांगून टाकणं: चाललं, पण मागं रांग असताना लांबतं. ते म्हणाले, "माह्याकडं तेवढा टाइम नाही राहत भाऊ, खरं सांगतो." खरं सांगितलं म्हणून बरं. अनोळखी गाडीसाठी ही युक्ती राखून ठेवली.

मुद्दाम अडखळणं: पहिल्या खेपेला तोंड लाल झालं. चौथ्या खेपेला 'पा-पा-पांढरकवडा' म्हणताना हसू आलं. पाचव्या खेपेला मुद्दाम अडखळायचं विसरलो आणि शब्द तसाच निघून गेला. ड्रायव्हर दारातून ओरडला, "निंघाला रे!"

ठरलं. सुरुवात मुद्दाम, आणि खरंखुरं अडकलं तर ओढून बाहेर यायचं.

तुमच्या गावात मुक्कामी गाडी नसेल तर जे असेल ते धरा. फोनची भीती असेल तर दोस्ताला पलीकडच्या खोलीत बसवून त्याच्याकडूनच उचलवून घ्या. बँकेची असेल तर दुपारी गर्दी ओसरल्यावर नुसतं एक फॉर्म मागायला जा. शाळेतल्या तोंडी परीक्षेची असेल तर गुरुजींना किंवा बाईंना आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये भेटून तेच उत्तर त्यांच्यासमोर देऊन बघा.

६. खऱ्या गाडीत

दोन आठवडे, रोज एकदा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आज मुद्दाम अडखळणं, उद्या त्याला जोडून डोळ्यात बघणं, असं. सगळं एकदम केलं तर कशानं फरक पडला ते कळत नाही. चार खतं एकदम टाकलेल्या वावरासारखं होतं.

किती वेळा अडखळलो हे मोजू नका. मी पहिल्या आठवड्यात मोजलं आणि आकडा वाढलेला बघून वही फेकणार होतो. वाढणारच होता, कारण जो शब्द मी म्हणतच नव्हतो तो आता म्हणत होतो! मोजायचं ते तीन गोष्टींत: टाळलं किती वेळा, आधीची भीती किती, म्हणायचं होतं तेच म्हटलं का.

माझे आकडे: पहिल्या दिवशी भीती ८, म्हटलं नाही, 'लास्ट'च निघालं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, भयंकर अडकलो, मागची बाई म्हणाली, "पांढरकवडा म्हनून राह्यला तो, द्या तिकीट." नवव्या दिवशी भीती ४. चौदाव्या दिवशी ३, अडकलो, सैल होऊन बाहेर आलो. आजही त्या शब्दावर आठवड्यातून दोन-तीनदा अडखळतो. केळापूरचं तिकीट मात्र त्यानंतर एकदाच काढलं, तेही देवीच्या दर्शनाला.

७. घसरलं की मागच्या पायरीवर

घसरतंच. मृगाच्या पेरणीत दुकानावर गर्दी, झोप नाही, मालकाची कटकट, आणि माझं बोलणं पार उखडलं. असं झालं की नवं तंत्र शोधत फिरू नका, तीन दिवस दुसरी पायरी करा, नुसतं बघा. माझ्या त्या वहीत दिसलं की अडखळणं दुपारी दोननंतर वाढतं आणि मी जेवत पाचला होतो. उपाय डब्यात होता.

थेरपिस्टच्या महिन्याच्या कॉलला वही समोर ठेवा. कॉलवर मला बोलताना बघून माझ्या थेरपिस्ट बाईंनी पाच मिनिटांत सांगितलं की मी ओढून बाहेर येताना मान झटकतो, हे मला रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येणं शक्यच नव्हतं. तेव्हापासून नुसता आवाज नाही, व्हिडिओ घेतो.

आणि एकटं राहू नका. द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन, म्हणजे टीसा, ही अडखळणाऱ्यांनीच २००८ साली उभी केलेली संस्था आहे. त्यांच्या ऑनलाइन बैठका असतात, तिथं तुम्ही नाव सांगेपर्यंत सगळे शांत थांबतात. पहिल्यांदा मला तो थांबाच सहन झाला नव्हता, मीच कॉल कट केला. दुसऱ्यांदा थांबलो. २२ ऑक्टोबरला अडखळण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय जागरूकता दिवस असतो. शाळेत काही करायचं असेल तर निमित्त चांगलं आहे, फक्त अडखळणाऱ्या पोराला त्याला न विचारता स्टेजवर उभं करू नका.

माझी सध्या दुसरी वही चालू आहे. तिच्या पहिल्या पानावरचा प्रश्न: 'दुकानात गर्दी असताना गिऱ्हाईकाला पेंडीमिथॅलिन हे नाव, मालक शेजारी उभा असताना, मी कसं सांगू शकेन?' ढिगात अठरा युक्त्या झाल्यात. एकोणिसावी मालकानंच सुचवली, बाटल्यांची जागा बदलायची. ती लिहून घेतली आणि शेजारी लिहिलं, 'ही टाळाटाळ आहे का, विचार करणे.'